सेवेला निघण्यापूर्वी देवावरचा भरवसा कसा वाढवावा : नवोदितांसाठी मार्गदर्शन

दरवर्षी परीक्षांचे निकाल लागले की सांगली, मिरज, इस्लामपूर, वाई, सातारा इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधील दोन-चार तरुण पाळकांच्या दारी येतात आणि आपल्याला पूर्णवेळ सुवार्तासेवेत जायचे आहे, असे सांगतात. त्यांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. प्रशिक्षण कुठे घ्यावे, कोणते सेवाक्षेत्र मिळेल, तिथली भाषा शिकायला किती दिवस लागतील, दरमहा हाती काय पडेल. हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरेही मिळतात. परंतु ज्या एका गोष्टीच्या आधारावर पुढची सगळी वर्षे काढायची असतात, ती गोष्ट म्हणजे देवावरचा भरवसा, आपल्याजवळ किती आहे आणि नसेल तर तो कसा येतो, हे विचारणारा क्वचितच भेटतो. सेवेची इच्छा झाली त्या अर्थी भरवसा आहेच, असे पुष्कळांनी गृहीत धरलेले असते. अशा तरुणांसोबत बसण्याची संधी मला गेली बरीच वर्षे मिळाली आहे. इच्छा लवकर येते आणि भरवसा सावकाश येतो, हे त्या वर्षांत मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. क्षेत्रातून काही महिन्यांत परतलेले जे तरुण माझ्या पाहण्यात आले, त्यांतील बहुतेकांची मूळ अडचण भाषेची किंवा जेवणाची नव्हती.

हा लेख निघण्यापूर्वीच्या साधारण एका वर्षासाठी लिहिला आहे. पायऱ्या एकामागून एक मांडल्या असल्या तरी एक पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नये, असे नाही; पहिली पायरी मात्र वर्षभर चालू ठेवावी लागते.

आधी शब्दाचा अर्थ

विश्वास आणि भरवसा हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण बोलीत त्यांचा फरक स्पष्ट आहे. एखाद्या माणसावर आपला विश्वास असतो, म्हणजे तो खोटे बोलणार नाही असे आपल्याला वाटते. भरवशाचे वाक्य वेगळे असते. ‘शेजारणीच्या भरवशावर पोर ठेवून कामाला गेले’, ‘भावाच्या भरवशावर शेत सोडून गावाला आलो’, असे आपण म्हणतो. भरवशाच्या वाक्यात काहीतरी दुसऱ्याच्या हाती सोडलेले असते, आणि सोडणारा तिथून निघून गेलेला असतो. जो दर अर्ध्या तासाने परत येऊन पोर पाहून जातो, त्याने शेजारणीवर भरवसा टाकला असे कोणी म्हणणार नाही.

म्हणून सेवेची तयारी करणाऱ्याने ‘माझा देवावर विश्वास आहे का?’ एवढेच विचारून थांबू नये. आज या घडीला मी देवाच्या भरवशावर नेमके काय सोडले आहे, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारावा आणि उत्तर कागदावर लिहावे. पहिल्यांदा लिहायला बसणाऱ्या बहुतेकांना एक ओळही सुचत नाही. त्याने घाबरून जाऊ नये. पुढचे वर्ष त्यासाठीच आहे.

पहिली पायरी : ज्याच्या हाती सोपवायचे त्याची ओळख

शेजारणीच्या हाती पोर देणारी आई त्या दिवशी सकाळी डोळे मिटून मनाचा हिय्या करत नाही. तिने शेजारणीला वर्षानुवर्षे पाहिलेले असते. ती स्वतःच्या मुलांशी कशी वागते, दिलेला शब्द पाळते की नाही, हे तिला ठाऊक असते. देवावरचा भरवसाही असाच ओळखीतून येतो. विश्वास ऐकण्याने होतो, असे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात म्हटले आहे, आणि त्यातून सरळ निघणारी सूचना अशी की भरवसा कमी वाटत असेल तर मनाला अधिक ताण देऊ नये, अधिक वाचावे आणि ऐकावे.

चार शुभवर्तमानांचे मिळून ८९ अध्याय आहेत. रोज एक याप्रमाणे ते तीन महिन्यांत पूर्ण होतात. मात्र सुरुवात मार्कापासून करावी, आणि त्याचे १६ अध्याय पहिल्या दिवशी एका बैठकीत वाचून काढावेत, म्हणजे प्रभूची चाल, त्याची घाई आणि त्याचे थांबणे एकदम नजरेत भरते. नंतर प्रत्येक दिवशी दोनच प्रश्न समोर ठेवावेत : या अध्यायात प्रभू माणसांशी कसा वागला, आणि त्याने कोणाला काय हातचे सोडायला सांगितले? पुढच्या टप्प्यात अब्राहाम, दावीद आणि एलीया यांची कथानके घ्यावीत. स्तोत्रे १५० आहेत. रोज पाच घेतली तर महिन्यात पुरी होतात, आणि ती मनातल्या मनात न वाचता मोठ्याने वाचावीत.

दोन खोल्यांच्या घरात पहाटे मोठ्याने वाचणे सोपे नाही, हे मला माहीत आहे. गच्चीवर जावे, किंवा पाळकांना विचारून चर्चच्या ओसरीवर बसावे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे दृष्टी अधू झालेल्या एखाद्या आजीला रोज वाचून दाखवण्याचे काम अंगावर घेणे. ज्या व्यक्तीने ही वचने साठ वर्षे जगून पाहिली आहेत, तिचे मध्येच थांबवून ‘हे पुन्हा वाच बरं’ असे म्हणणे पुष्कळदा दीर्घ प्रवचनाहून अधिक शिकवून जाते.

दुसरी पायरी : वही

यार्देन ओलांडल्यावर इस्राएलांचा पुढारी यहोशवा याने नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणायला लावले, कारण माणसे विसरतात. आपणही विसरतो, म्हणून शंभर पानी साधी वही घ्यावी. डाव्या पानावर तारीख आणि विनंती लिहावी. उजवे पान रिकामे ठेवावे आणि जे घडेल ते, जेव्हा घडेल तेव्हा, तिथे लिहावे. विनंती मोघम नसावी. ‘घरच्यांना आशीर्वाद दे’ असे लिहिले तर उजव्या पानावर काय लिहायचे, हे कधीच कळणार नाही. ‘बाबांनी या महिन्यात डॉक्टरांकडे जायला तयार व्हावे’ असे लिहावे.

उजव्या पानावर प्रामाणिकपणा हवा. जे मिळाले नाही तिथे ‘मिळाले नाही’ असेच लिहावे, आणि जे वेगळ्या रीतीने मिळाले ते ओढूनताणून आपल्या विनंतीत बसवू नये. ही वही कोणाला पटवून देण्यासाठी किंवा साक्ष देताना दाखवण्यासाठी नसते. महिन्यातून एकदा एकट्याने ती मागून पुढे चाळावी. एका पानावरून काही समजत नाही. आठ-दहा महिन्यांची पाने एकत्र वाचली की देवाची वागण्याची रीत दिसू लागते.

तिसरी पायरी : पैसा

इथे मी अधिक थांबणार आहे, कारण भरवशाचे खरे रूप पैशाजवळ जितके लवकर उघड होते तितके दुसरीकडे कुठेही होत नाही.

साताऱ्याच्या मंडळीला हे सांगायची गरज पडू नये. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय सुरू केला. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला होता, म्हणजे त्या निर्णयामागे बावीस वर्षांची ओळख होती. मे १९१९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. दरबारासाठी त्यांना दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. टिळकांचे नाव घेऊन पहिल्याच वर्षी नोकरी सोडायला निघालेल्या तरुणांना मी ही बावीस वर्षे आवर्जून मोजून दाखवतो.

तरुणाने घ्यावा असा दुसरा दाखला इंग्रज मिशनरी हडसन टेलरचा आहे. चीनला जाण्यापूर्वी, वयाच्या विशीच्या आसपास, तो इंग्लंडमधील हल या शहरात एका डॉक्टरांच्या हाताखाली काम करत होता. डॉक्टर कामात गढलेले असत आणि पगाराचे विसरत; त्यांनीच त्याला आठवण करायला सांगून ठेवले होते. टेलरने मात्र आठवण करायची नाही, असे ठरवले. त्याचा विचार असा होता की चीनमध्ये मला कोणाकडे हक्काने मागता येणार नाही, तिथे देवाखेरीज कोणी नसेल. तर मग माणसाला न सांगता देवाला सांगणे इथेच, घर सोडण्यापूर्वीच शिकून घेतले पाहिजे. एका रविवारी रात्री, पगार थकलेला असताना, एका गरीब कुटुंबातल्या आजारी बाईसाठी प्रार्थना करायला तो गेला. खिशात अडीच शिलिंगांचे एकच नाणे होते. प्रार्थनेचे शब्द तोंडातून निघेनात, कारण ते नाणे देण्याची त्याची तयारी नव्हती. बऱ्याच झगड्यानंतर त्याने ते दिले. दुसऱ्या सकाळच्या टपालात त्याला दहा शिलिंगांचे नाणे मिळाले.

ही गोष्ट सांगताना चौपट मिळाल्याचा भाग मोठा करून सांगितला जातो, आणि तिथेच ती बिघडते. देवाला द्यायचे म्हणजे चौपटीने परत घ्यायचे, असा व्यवहार मांडणाऱ्याने आपले काहीच सोडलेले नसते; त्याने ते व्याजाने लावलेले असते. त्या रात्री टेलरला स्वतःच्या मनाचा ठाव लागला, देवाविषयी आपण जे बोलतो आणि खिशाबाबत आपण जे करतो त्यांत किती अंतर आहे हे दिसले, आणि चीनच्या किनाऱ्यावर पोचण्यापूर्वी, जिथे चुकले तर सावरता येते अशा ठिकाणी दिसले. वर्षभराच्या तयारीचे प्रयोजन हेच आहे.

मग आपण काय करावे? पहिले म्हणजे कर्ज फेडावे. मित्रांकडून उसने घेतलेले, मोबाइलचा हप्ता, पतसंस्थेचे राहिलेले, सर्व काही लिहून काढावे आणि निघण्यापूर्वी शून्यावर आणावे. ते शून्यावर येत नसेल तर निघण्याची तारीख पुढे ढकलावी. यात कमीपणा नाही. दुसरे म्हणजे मिळकत कितीही थोडी असो, दशांश आधी बाजूला काढावा. तिसरे म्हणजे सलग तीन महिने, सेवाक्षेत्रात जेवढ्यावर राहावे लागेल असे सांगितले गेले आहे, तेवढ्याच रकमेत इथे घरी राहून दाखवावे. घरी खायला मिळते म्हणून त्याचा खर्च त्या रकमेतून आईच्या हाती ठेवावा. चौथी गोष्ट कठीण आहे : त्या तीन महिन्यांत एखादी खरी गरज निर्माण झाली, तर ती निदान सात दिवस फक्त वहीत लिहावी आणि देवाला सांगावी, कोणा माणसाला नाही. सात दिवसांनंतर सांगायला हरकत नाही. औषधोपचाराची गरज याला अपवाद आहे. ताप अंगावर काढून कोणाचाही भरवसा वाढत नाही.

इथे एक इशारा द्यायला हवा. ‘विश्वासाने निघालो’ हे शब्द आपल्याकडे कधी कधी हिशेब न ठेवण्यावर आणि चौकशी न करण्यावर पांघरूण म्हणून वापरले जातात. प्रभूने शिष्यांना पहिल्यांदा पिशवी न देता पाठवले, आणि शेवटच्या रात्री त्यांना विचारले की तुम्हांला काही उणे पडले का. त्यांनी ‘नाही’ म्हटल्यावर तोच प्रभू म्हणाला की आता ज्याच्याजवळ पिशवी आहे त्याने ती घ्यावी. लूकाच्या नवव्या आणि बाविसाव्या अध्यायांतील हे दोन्ही भाग शेजारी ठेवून वाचावेत. पिशवी घेणे आणि न घेणे, दोन्ही आज्ञापालनच होते. आगगाडीचे आरक्षण करणे, विमा उतरवणे, पावती घेणे यांनी भरवसा कमी होत नाही.

चौथी पायरी : नजरेआडचे काम

तासगाव भागातील द्राक्षबागायतदारांना जे ठाऊक असते, ते सेवेच्या उमेदवाराला समजावून सांगायला मला फार वेळ लागतो. द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. माल निघाल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करतात. हिरवीगार वेल डोळ्यांदेखत बोडकी होते. त्या छाटणीनंतर येणाऱ्या फुटव्यांवर एकही घड घ्यायचा नसतो. तरीही बागायतदार पाणी, खत, फवारणी, विरळणी यांत कसूर करत नाही, कारण पुढे येणारे घड याच महिन्यांत काडीवरच्या डोळ्यांच्या आत, कोणालाही न दिसता, तयार होत असतात. ऑक्टोबरची फळछाटणी झाली की ते बाहेर पडतात. उन्हाळ्यात काडी कच्ची राहिली असेल तर ऑक्टोबरनंतर कितीही खत घातले तरी जो घड डोळ्यात धरलाच नाही तो बाहेर येत नाही.

योहानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभूने वेलीचाच दृष्टान्त घेतला आहे. तो वाचताना आपण फळाकडे पाहतो आणि छाटणीचे वाक्य घाईने ओलांडतो. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर उभा राहिला तो अवर्षणाच्या तिसऱ्या वर्षी; त्याआधी देवाने त्याला करीथ ओहोळाजवळ लपवून ठेवले, आणि तो ओहोळ आटला तेव्हा सारफथ येथील एका विधवेच्या घरी, तिच्या मूठभर पिठावर राहायला पाठवले. कावळ्यांनी आणलेली भाकर आणि विधवेचे मडके यांतून जो गेला, तोच नंतर वेदीवर पाणी ओता असे निर्धास्तपणे म्हणू शकला.

म्हणून या वर्षात असे एखादे काम निवडावे, ज्याचे नाव रविवारच्या सूचनांत घेतले जात नाही. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केल्यापासून हे शहर रुग्णांचे शहर झाले आहे. जतकडून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातून माणसे उपचारांसाठी इथे येतात. रुग्णाजवळ रात्र काढणाऱ्या नातेवाइकाला तासभर झोप मिळावी म्हणून त्याच्या जागी बसणे, डबा आणून देणे, औषधाची चिठ्ठी वाचून सांगणे, कन्नड बोलणाऱ्या म्हाताऱ्याचे म्हणणे नर्सपर्यंत पोचवणे, ही कामे रुग्णालयाच्या परवानगीने आणि नियम पाळून करता येतात. आठवड्यातून एक संध्याकाळ, सहा महिने, खंड न पाडता. तिथे प्रवचन करू नये. कोणी आपण होऊन प्रार्थनेची विनंती केली तर हळू आवाजात, थोडक्यात प्रार्थना करावी.

या कामाचा भरवशाशी काय संबंध, असे विचारले जाते. संबंध असा की इथे आपले नाव देवाच्या भरवशावर सोडावे लागते. कोणी पाहिले नाही, कोणी आभार मानले नाहीत, ज्याच्याजवळ दहा संध्याकाळी बसलो तो न सांगता घरी गेला, आणि तरी अकराव्या संध्याकाळी आपण वेळेवर पोचलो, तर काडी पक्की होते आहे असे समजावे.

पाचवी पायरी : न मिळालेली उत्तरे

वहीच्या उजव्या पानांवर कधी ना कधी ‘मिळाले नाही’ असे लिहावे लागतेच, आणि हे पान सेवेत जाण्यापूर्वी आलेले बरे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा गच्चीवर बसून प्रार्थना करणाऱ्या कुटुंबांपैकी काहींच्या दारातून पाणी परत फिरले आणि काहींचा संसार चिखलात गेला. दोन्ही घरांत विश्वासणारे होते. मी स्वतः एका जवळच्या माणसाच्या आजारात चाळीस दिवस उपास-प्रार्थना केली, आणि एकेचाळिसाव्या दिवशी त्याला माती दिली. त्यानंतर काही महिने मला प्रार्थनेला बसता येत नव्हते. त्या काळात मला उपयोगी पडली ती तेरावे स्तोत्र लिहिणाऱ्याची तक्रार. तो ‘कोठवर’ असे चार वेळा विचारतो, आणि तरीही ज्याला विचारायचे त्यालाच विचारतो.

दानिएलाच्या तिसऱ्या अध्यायातील तिघे तरुण राजाला सांगतात की आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे, आणि लगेच पुढे म्हणतात की त्याने सोडवले नाही तरी आम्ही मूर्तीला नमन करणार नाही. या दोन वाक्यांपैकी पहिले म्हणणे सोपे असते. उमेदवाराने आपल्या वहीतली सर्वांत मोठी विनंती काढावी आणि तिच्याखाली स्वतःच्या शब्दांत दुसरे वाक्य लिहिता येते का, ते पाहावे. येत नसेल तर पान कोरे ठेवावे, आणि महिन्याभराने पुन्हा पाहावे.

मिशनकार्याचा इतिहास यासाठीच वाचायचा असतो. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालात आला. पहिल्या बंगाली माणसाला बाप्तिस्मा देईपर्यंत १८०० साल संपत आले होते. मराठी व्याकरण आणि मराठीतील नव्या कराराचे भाषांतर छापणाऱ्या त्याच्या बंगालातील श्रीरामपूरच्या छापखान्याला १८१२ मध्ये आग लागली, तिच्यात अनेक हस्तलिखिते जळाली, आणि त्याने ती पुन्हा लिहायला घेतली. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईस पोचला तेव्हा त्याला परत पाठवण्याचे हुकूम होते. मराठी शिकून तेरा वर्षे काम केल्यावर १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने त्याचा मृत्यू झाला. त्याच्या डोळ्यांसमोर फळ फारच थोडे आले. फळही देवाच्या भरवशावर सोडायची गोष्ट आहे, आणि तरुणाला ती सर्वांत शेवटी सुटते.

भीती आणि शंका यांविषयी थोडे

शंका आली म्हणजे देवाने सेवेसाठी केलेले पाचारण खोटे, असे समजू नये. मार्काच्या नवव्या अध्यायातील बापाने आपला विश्वास आणि अविश्वास एकाच दमात प्रभूपुढे ठेवले, आणि प्रभूने त्याच्या मुलाला बरे केले. शंका एकट्याने पोसू नये, इतकेच. मंडळीतील एक वडीलधारी व्यक्ती वर्षभरासाठी निवडावी, महिन्यातून एकदा तिच्यासमोर बसावे, आणि ठरवून दिलेली बरी-बरी उत्तरे न देता खरे काय ते बोलावे.

सहावी पायरी : घर आणि मंडळी

एकदा एक मुलगा मला म्हणाला, “काका, घरी आधी सांगितलं तर आई रडेल. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी सांगणार आहे.” मी त्याला विचारले, “आईला देवाच्या भरवशावर सोडतोयस, की आईपासून पळतोयस?” तो बराच वेळ गप्प बसला. पुढे त्याने घरी सांगितले. आई रडलीच, पण तीन महिन्यांनी निरोपाच्या सभेत तिनेच त्याच्यासाठी प्रार्थना केली.

देवाला अर्पण केले आहे असे म्हणून आई-बापांच्या पालनातून अंग काढून घेणाऱ्यांना प्रभूने मार्काच्या सातव्या अध्यायात कडक शब्दांत सुनावले आहे, आणि वधस्तंभावरून त्याने स्वतःची आई योहानाच्या हाती सोपवली. याचा अर्थ असा की घर देवावर सोडणे म्हणजे घराची सोय न करणे नव्हे. वडिलांच्या औषधांचे कोण पाहील, धाकट्या बहिणीचे प्रवेश अर्ज कोण भरेल, ऊस तुटायच्या वेळी टोळीशी कोण बोलेल, हे भावंडांशी बसून, नावानिशी ठरवावे. एवढे ठरवूनही जे आपल्या हातात राहत नाही, ते देवावर सोडावे. आई-वडील अजून प्रभूला ओळखत नसतील तर अधिक सबुरी लागते. त्यांना न दुखावता सांगण्याचा मार्ग पाळकांना सोबत घेऊन शोधावा.

मंडळीचेही तसेच आहे. अंत्युखियाच्या मंडळीत उपास आणि प्रार्थना चालू असताना बर्णबा व पौल यांचे पाचारण सर्वांच्या कानी पडले आणि मंडळीने हात ठेवून त्यांना रवाना केले. ज्याला आपल्या पाळकांचे आणि पंचांचे म्हणणे ऐकवत नाही, त्याने दूरच्या क्षेत्रातील वरिष्ठांचे ऐकण्याची आशा धरू नये. त्यांनी ‘अजून एक वर्ष थांब’ म्हटले तर थांबावे. थांबण्याचे वर्ष हा भरवशाचा सगळ्यात प्रामाणिक मापदंड आहे, असे माझे मत आहे.

सातवी पायरी : दहा दिवसांचा प्रवास

वर्षाच्या अखेरीस एका सोबत्याबरोबर, दोघांनी मिळून, दहा दिवसांसाठी अशा गावी जावे जिथे आपली ओळख नाही पण एखाद्या मंडळीने बोलावले आहे. आटपाडी, जत, माण किंवा खटाव तालुक्यात अशी गावे शोधणे कठीण नाही. जाण्या-येण्याचे एस.टी.चे भाडे आणि थोडी अधिक रक्कम जवळ असावी. राहण्या-जेवण्यासाठी यजमान जे देतील ते घ्यावे. मुलांना शिकवणे, घरोघरी भेटी, शेतात मदत, जे काम सांगतील ते करावे. दुष्काळी गावात पाहुण्याला दिलेल्या एका बादली पाण्याची किंमत समजली तरी त्या प्रवासाचे काम झाले.

गावात कोणाशीही विश्वासाविषयी बोलताना एक मर्यादा कायम पाळावी. आपल्या संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून प्रत्येकाला सदसद्विवेकाचे, धर्म पाळण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केले. पण कायदा बाजूला ठेवला तरी, मदत आणि सुवार्ता यांची सांगड घालून आमिष दाखवणारा किंवा एखाद्याच्या अडचणीचा फायदा घेणारा माणूस एवढेच कबूल करत असतो की मनुष्याच्या अंतःकरणात देव स्वतः काम करतो यावर त्याचा भरवसा नाही. सांगावे, ऐकून घ्यावे, आणि समोरच्याने विषय बदलला तर आपणही बदलावा.

परत आल्यावर दोघांनी वेगवेगळे लिहावे आणि मग एकमेकांना वाचून दाखवावे : कोणत्या क्षणी भीती वाटली, तेव्हा आपण प्रथम कशाकडे धावलो, फोनकडे, पैशाकडे की प्रार्थनेकडे? सोबत्याशी भांडण झाले असेल तर तेही लिहावे. ते झालेले असतेच.

निघताना

वर्षाच्या सुरुवातीला ज्या कागदावर आपण ‘देवाच्या भरवशावर काय सोडले आहे’ याचे उत्तर लिहू पाहत होतो, तो कागद निरोपाच्या सभेच्या आदल्या रात्री पुन्हा काढावा. त्यावर आता चार-पाच ओळी लिहिता आल्या तर पुष्कळ झाले. आई-वडील, पैसा, नाव, प्रकृती, फळ यांपैकी जे अजून हातात घट्ट धरलेले आहे, तेही खाली वेगळे लिहावे आणि ज्या वडीलधाऱ्यांसमोर वर्षभर बसलो त्यांना दाखवावे, म्हणजे पुढे त्यांच्या प्रार्थनेत ते राहील. वर्षभराची वही सोबत नेऊ नये. ती घरी, आईच्या हाती द्यावी. तुमची पत्रे उशिरा येतील तेव्हा तिला ती वाचता येईल. मिरज जंक्शनवर गाडी सुटली की नवी वही उघडावी, डाव्या पानावर तारीख घालावी आणि ज्या गावी निघालो त्याचे नाव लिहावे.